दाजींचा पहारा

साल दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तर संपून पंच्याहत्तरावं लागलं होतं. त्या साली अधिक महिना श्रावणात आला, म्हणजे श्रावण दोन झाले आणि पाऊस एकातही नाही. त्या श्रावणात आमच्या गावानं महादेव कोंडला, आणि महादेव कोंडला म्हणून दाजी देवळाच्या दारात खुर्ची टाकून बसले. दाजी येडे होते का शहाणे होते, हे मला तेव्हा कळलं नाही. आता माणूस गेला, तरी कळत नाही. मी काही कमी अकलेचा नाही. तिसरीतनं शाळा सोडली ती मास्तरशी पटलं नाही म्हणून, डोकं नव्हतं म्हणून नाही. आल्याचं बेणं कुठलं धरावं हे विचारायला कोरेगावपासनं लोक माझ्याकडं येतात. पण ह्या एका माणसाचा थांग मला लागला नाही, तो नाहीच.

दाजी म्हणजे गावचे जावई. आमच्या भावकीतली आक्का त्यांना दिलेली. माणूस सांगलीकडं पोलिसात हवालदार होता. रिटायर झाल्यावर बायकोच्या माहेरी आला आणि रहिमतपूरच्या अलीकडं माझ्या रानाला लागून दोन खोल्या बांधून राहिला. सगळा गाव तोंडावर 'दाजी' म्हणायचा आणि पाठ वळली की 'घरजावई' म्हणायचा. दाजींना दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही चालायचं.

त्यांच्या घराला बाहेरून कडी नव्हती. आतून होती, बाहेरून नाही. साताऱ्याला जायचं झालं तर दार नुसतं लोटायचं आणि पुढं एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायची. मी म्हणालो, "दाजी, चोर येईल की." तर म्हणाले, "येऊ द्या. आत येईल, भाईर जाईल. कडी लावली आन् आत कोण ऱ्हायलं तर?" आत राहणार कोण? आक्का बरोबर, पोरगा पुण्याला. मी विचारलं तर हसले आणि एसटीला हात केला.

एकदा आम्ही दोघं साताऱ्याला निघालो होतो. रेल्वेचं फाटक पडलं आणि गाडी उभी राहिली. पुढच्या सीटवरची बाई फोनवर म्हणाली, "अगं, अडकलोय फाटकाला." दाजी लगेच पुढं वाकले.

"बाई, अडकला न्हाई. खोळंबलाय."

"काय?"

"अडकला म्हंजे पाय निघत न्हाई. खोळंबला म्हंजे फाटक उघडलं की चालू. घरच्यांना उगं घोर लावू नका."

बाईनं कंडक्टरकडं बघितलं. कंडक्टर ओळखीचा, त्याला चेव आला. "दाजी, मग रोखला म्हंजे?"

"रोखला म्हंजे म्होरं माणूस उभा हाय. अडवला म्हंजे त्यो माणूस काहीतरी मागतोय. कोंडला म्हंजे दार हाय. डांबला म्हंजे दार हाय पर माणूस निघून गेलाय."

"आन् अटक?"

"अटकंला कागद लागतो," दाजी म्हणाले. "कागद असला की निदान कुनाला तरी म्हाईत असतं, तू कुठं हायस."

सगळी गाडी हसली. मला लाज वाटली, कारण मी शेजारी बसलो होतो.

माझी म्हैस एकदा दावं तोडून त्यांच्या मक्यात शिरली. दुसऱ्या कुणी शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता. दाजी माझ्या अंगणात आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "आबा, तुमची म्हैस माझ्या ताब्यात हाय. तब्येत बरी हाय. चारापानी झालंय. भेटायचं असंल तर चार वाजता या."

"आरं, भेटायचं काय? माझी म्हैस हाय ती."

"असंल की. पर सध्या ताबा माझा हाय."

"मग सोडा."

"जामीन कोण ऱ्हातंय?"

मी तापलो. म्हणालो, माझ्याच म्हशीला मी जामीन राहणार नाही, म्हैस गेली उडत. खरंच गेलो नाही. माझी मंडळी चार वाजता गेली, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, म्हणाली, "मी हाय जामीन दाजी, पुन्यांदा न्हाई यायची ती." दाजींनी दावं तिच्या हातात दिलं. म्हैस धुतलेली होती, शिंगांना तेल होतं. माझ्याकडं तिला कधी कुणी तेल लावलं नव्हतं. त्या म्हशीनं पुढं दोनदा दावं तोडलं आणि दोन्ही वेळा सरळ दाजींच्या दारात जाऊन उभी राहिली. आता ह्याला काय म्हणावं?

लग्नात पंगत बसायच्या आधी दाजी वाढप्याच्या हातातनं पळी घ्यायचे आणि आमटीचा घोट घेऊन बघायचे. यजमान चिडायचे. दाजी म्हणायचे, "लॉकपमधी आरोपीला द्यायचं जेवान आदी आमी चाखायचो. सवय हाय." म्हणजे पंगतीला बसलेले सोयरे काय आरोपी? कोरोनात मुंबईची माणसं गावात आली, त्यांना शाळेत ठेवलं आणि बाहेरून कुलूप घातलं, तेव्हा ह्या माणसानं दगडानं कुलूप फोडलं. ग्रामपंचायतीची माणसं धावून आली. दाजी म्हणाले, "कुलूप नको. मी बसतो." आणि शाळेबाहेर लिंबाखाली बसून राहिले, सगळी माणसं घरी जाईपर्यंत. एकही पळालं नाही. पळायचं कुठं होतं म्हणा, सगळं जगच बंद होतं.

गेल्या माघात दाजी गेले. तिरडीवर बांधताना पोरं सुंभ आवळत होती, तर आक्का रडता रडता थांबली आणि म्हणाली, "सैल बांधा रं. त्यास्नी सोसायचं न्हाई." पोरांनी सैल बांधलं. वाटेत दोनदा थांबून सारखं करावं लागलं.

तर त्या श्रावणातलं सांगतो.

आमच्याकडं रीत अशी. पाऊस लांबला की गावानं महादेवाच्या गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायचं तोंड चिखलानं बुजवायचं, पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा आणि दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की देव पाऊस पाडतो. वळचण गळायला लागली की दार उघडायचं, त्याच्या आधी नाही. कोंडायचा मान आमच्या घराचा. आणि वळचण गळायच्या आधी ज्याच्या हातानं दार उघडलं, त्याच्या घरातनं मान उठला, तो वरच्या आळीला गेला. वरची आळी म्हणजे बापूचं घर. बापूचा आजा, बाप आणि आता बापू, तिन्ही पिढ्या आमच्या घराकडनं कधी चूक होतीय ह्याची वाट बघत बसलेल्या.

माझ्या बापानं बहात्तरला कोंडला होता. चिखल मी तुडवला होता, तेवीस वर्षांचा होतो. पाऊस आला का? आला. कधी आला ते विचारू नका. त्यानंतर कोंडायची पाळीच आली नाही. धरण झालं, बोअर आले, पोरं म्हणायला लागली कशाला हे. मला वाटलं होतं, आपल्या हातानं हे व्हायचं नाही, मान नुसता नावाला घेऊनच जायचं. आणि ह्या साली आलं पिवळं पडलं, बोअरला वारा यायला लागला, आणि गावच आपणहून माझ्या दारात आलं. "आबा, कोंडायचा." मला काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. रात्री बापाच्या फोटोला हात लावला.

सोमवारी सकाळी मी स्वतः गोमुखात चिंध्या कोंबल्या, वर चिखल थापला. पहिली घागर माझी. मग पोरांनी मोटारीची नळी आणली, म्हणाली घागरीनं दिवस जाईल. मी म्हणालो आणा. पाणी पिंडीवर चढलं. वर बेलाची पानं तरंगत होती. बायकांनी हात जोडले. मी दार ओढलं, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"आबा, तक्रार कुणाची?"

दाजी. हातात ती प्लास्टिकची खुर्ची.

"गावाची," मी म्हणालो.

"आन् गुन्हा?"

"दाजी, देव हाय त्यो. चोर न्हाई."

"मग चोरापरास वाईट का ठिवताय? चोराला कोण पान्यात उभा करतंय?"

बापू मागनं म्हणाला, "दाजी, वकीलपत्र घेतलंय काय म्हादेवाचं?" माणसं हसली. दाजी म्हणाले, "न्हाई गड्या. मी पहाऱ्यावर हाय. आत कोण ठिवला तर भाईर कोण पायजे." मी कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. दाजींनी दाराला लागून खुर्ची टाकली आणि बसले.

मंगळवारी दुपारी मला बोलावणं आलं. पारावर माणसं जमली होती. दाजी म्हणाले, "आबा, चोवीस तास झालं. आता हजर करायला पायजे."

"कुनाफुडं?"

"ते मला काय इचारता? ज्यानं धरला त्यानं बघायचं. चोवीस तासाच्या वर तसाच ठिवता येत न्हाई."

"आरं, पाऊस पडंपातूर उघडायचं न्हाई. रीत हाय."

"रीत तुमची. कायदा आमचा."

"मग तोड की कुलूप! शाळंचं तोडलं तसं तोड." मी रागानं अरेतुरेवर आलो होतो.

दाजी शांत. "शाळंचं कुलूप पंचायतीचं हुतं. ह्ये तुमचं हाय. तुमच्या हातानं निघाय पायजे."

बापू पचकलाच. "आबा, देव कोंडायला निघालास आन् जावयानं तुलाच कोंडला बघ."

मी किल्ली चाचपली आणि घरी आलो. मंडळी म्हणाली, "दाजींनी कालपासनं काय खाल्लं न्हाई म्हणं." मी म्हणालो, न खाऊ दे. कुणी सांगितलंय?

बुधवारी सकाळी आक्का आली. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"दादा, ह्यांला साखर हाय. इन्शुलिन घेत न्हाईत. म्हणत्यात, आतल्याला निवद न्हाई तर मला कशाला. डोळं फिरायला लागल्यात."

"मग घरी ने त्यास्नी."

"मला ऐकत असतं तर तुमच्या दारात आलं असतं का?"

"आक्का, मान हाय आमच्या घराचा. त्यो जाईल."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "तुमाला त्यांनी लॉकपचं कवा सांगितलं?"

"सारखंच सांगत्यात."

"लॉकपवर न्हवतं दादा ते. बँडमधी हुतं. पोलीस बँडमधी. क्लॅरनेट वाजवायचं."

मी ओट्याचा खांब धरला. एवढी वर्षं आमटी चाखणारा, म्हशीला जामीन मागणारा माणूस क्लॅरनेट वाजवायचा?

आक्का म्हणाली, "दोन हजार पाचचा पूर आला तवा सगळ्यास्नीच ड्युटी लागली. बँडवाल्यास्नीबी. ह्यांला एका ठाण्यात लॉकपम्होरं उभं केलं. आत तीन माणसं, आन् पानी आत आलं. किल्ली दुसऱ्याकडं, त्यो पल्याडच्या गल्लीत होडीची वाट बघत. ह्ये गजातनं आतल्यांचं हात धरून उभं ऱ्हायलं. पानी कमरंला, मग छातीला. किल्ली आली. तिघंबी सुटली, कुनाला काय झालं न्हाई. पर घरी आल्यावर ह्यांनी पयली भाईरची कडी उपटली. म्हणून सांगतीय दादा. पान्यात कोंडलंय ते बघवत न्हाई त्यांला."

मी पटका गुंडाळला आणि देवळाकडं निघालो. उघडायचं असं ठरवून निघालो होतो असंही नाही. चालताना एक पाय म्हणत होता बाप काय म्हणंल, दुसरा म्हणत होता माणूस मरंल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आभाळाकडं बघितलं, तर तिथं एक घार.

दाजी खुर्चीत कलले होते. ओठ पांढरे. तरी मला बघून उठायला गेले.

"बसा," मी म्हणालो. कनवटीची किल्ली काढली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. बापू सगळ्यात पुढं. "आबा, वळचण गळाली का?" तो म्हणाला. मी कुलूप काढलं. दार उघडताना पाणी अंगावर येईल म्हणून धोतर वर धरलं.

पाणी आलंच नाही.

गाभारा कोरडा. पिंड कोरडी. भिंतीवर पाणी चढलं होतं तिथपर्यंत नुसती ओलसर रेघ. आणि पिंडीमागच्या कोपऱ्यात सगळी बेलाची पानं एका ठिकाणी गोळा झालेली, ढीग. मी वाकून पानं बाजूला केली, तर खाली स्टीलची जाळी.

तेव्हा ध्यानात आलं. दोन वर्षांमागं देवळाचा जीर्णोद्धार झाला, फरशी बसवली. कमिटीनं मला विचारलं नाही म्हणून मी त्या वर्षभरात देवळात पाय ठेवला नव्हता. गवंड्यानं फरशीखालनं नवा पाइप टाकून मागच्या शोषखड्ड्यात सोडला होता. मी बुजवलं ते माझ्या आज्याचं गोमुख. पाणी निघून गेलं गवंड्याच्या पाइपातनं. बुजवलेला चिखल तसाच होता, वाळून दगड झालेला, माझ्या बोटांचे ठसे त्याच्यावर.

मागनं माणसांचे पाय वाजले. मी वळलो, तर दाजी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभे, पाठ माझ्याकडं, तोंड लोकांकडं. उभं राहता येत नव्हतं. पण आवाज चांगला निघाला.

"आरोपी हजर. तब्येत ठीक. भेटायची येळ संपली, चला."

आणि दार लोटून घेतलं. आत आम्ही दोघं.

मी हळूच विचारलं, "दाजी, तुमाला म्हाईत हुतं?"

"सोमवारीच. बसलो आन् आतनं घळघळ आवाज यायला लागला. दिवेलागणीला बंद झाला."

"मग म्हणायचं न्हाई? आत काय बुडालंच न्हाई तर उपाशी कशापायी बसला?"

"पानी गेलं, आबा. कुलूप हुतं की."

"मला सांगायचं हुतं."

"तुमी इचारलं न्हाई. कुलूप ज्याचं, आत बघायचं काम त्याचं. पहाऱ्यावरच्यानं आपणहून बोलायचं नसतंय."

मी म्हणालो, "आक्कानं पुराचं सांगितलं मला."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की मीच काही येड्यासारखं बोललोय. "आक्काला काय म्हाईत? ती पुरात माहेरी हुती. तुमच्याच घरात."

आणि खरं, ती होती. मला आठवलं. पुराच्या टायमाला ती आमच्या सोप्यात झोपायची. मग हे तिला कुणी सांगितलं? दाजींनीच सांगितलं असणार. मग दाजी नाही कशाला म्हणतात? क्लॅरनेटचं विचारावं म्हणून तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "भूक लागली हो आबा लय," आणि माझ्या खांद्यावर भार टाकला. आक्का बाहेर डबा घेऊन उभीच होती. पहिल्यांदा इन्शुलिनची सुई, मग भाकरी. मी परत कुलूप घातलं. का घातलं ते कळलं नाही, हाताला सवय. दाजींनी बघितलं, पण खुर्ची उचलली आणि घरी गेले. मला त्याचंही नवल वाटलं. आता कुलूप नव्हतं का?

संध्याकाळी पारावर बैठक बसली. बापू म्हणाला, "रीत ती रीत. वळचण गळली न्हाई, आबाच्या हातानं दार उघडलं. मान वरच्या आळीला आला." चारदोन म्हातारी माणसं म्हणाली, माणसाच्या जिवासाठी उघडलं, देव समजून घेईल. बापू म्हणाला, देव समजून घेईल, पण गाव काय समजायचं? सगळी माझ्याकडं बघायला लागली.

आता माझी गोम अशी. मी नुसतं एवढं म्हणालो असतो की पाणी आधीच निघून गेलं होतं, तर देव कोंडलेलाच नव्हता, मग उघडला कुठनं? रीत मोडली नाही, मान घरात. पण मग सगळ्या गावाला कळलं असतं की पन्नास वर्षांनी पाळी आली आणि आबाला साधं भोक बुजवता आलं नाही. मान ठेवायचा तर अब्रू जात होती आणि अब्रू ठेवायची तर मान. मी तंबाखू मळत बसलो. बैठक उठली. "उद्या सांगतो," एवढंच म्हणालो.

रात्रभर बापाचं तोंड डोळ्यापुढं. मध्येच बापाच्या तोंडात क्लॅरनेट दिसायचं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी वरच्या आळीला गेलो. बापू अंगणात मिश्री लावत बसला होता. मला बघून गडबडीनं उठला, तोंडातलं थुंकला. मी किल्ली त्याच्यापुढं धरली.

"आवं आबा, बसा तरी. चहा..."

"चहा नको. किल्ली धर. आन् ध्यानात ठिव, पिंडीमागच्या कोपऱ्यात जाळी हाय. कोंडायचा असंल तर ती आदी बुजवा. न्हाईतर पानी ऱ्हात न्हाई."

बापूचा हात तसाच हवेत राहिला. माणूस हुशार, आमच्याच मातीतला. त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"म्हंजे आबा... त्यो कोंडलाच न्हवता? मग मान तर तुमचाच..."

"किल्ली घे," मी म्हणालो.